तीनच्या पाढ्यात न बसणारा बाइट

पोस्टग्रेस हे डेटाबेस सॉफ्टवेअर, त्याचा कोड सगळ्यांना खुला. तिथं एक रिवाज आहे. तुम्ही स्वतःचा पॅच, म्हणजे कोडात सुचवलेला बदल, पाठवलात, की त्याच कमिटफेस्टात, म्हणजे पॅच तपासायच्या महिन्यात, दुसऱ्या कुणाचा तरी, साधारण तेवढ्याच वजनाचा पॅच तुम्ही तपासायचा. सक्ती नसते, पण अपेक्षा असते. मला हे ठाऊकच नव्हतं. डॉक्युमेंटेशनमधली दोन वाक्यं दुरुस्त करणारा एक छोटा पॅच मी पाठवला होता, तो स्वीकारला गेला, आणि मी खुशीत ऑफिसात सरांना सांगायला गेले.

"छान," सर म्हणाले. "आता तू कुणाचा बघतेयस?"

"बघतेय म्हणजे?"

"तुझा पॅच कुणीतरी वेळ काढून वाचला ना? मग आता तू दुसऱ्याचा वाच."

मी पुण्यात पतसंस्थांचं सॉफ्टवेअर करणाऱ्या एका छोट्या कंपनीत आहे. पोस्टग्रेस रोजच्या हाताखालचं. पण ते वापरणं वेगळं आणि त्याच्या आतला सी कोड वाचणं वेगळं. सी मी कॉलेजात शिकले, तेही परीक्षेपुरतं. ज्या डेटाबेसची सुरुवात १९८६ साली अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठात झाली, ज्याच्यावर टॉम लेन यांच्यासारखी मुरलेली माणसं वर्षानुवर्षं काम करतायत, तिथं दुसऱ्याच्या कोडबद्दल बोलणारी मी कोण? सरांना मी हे बोलून दाखवलं. ते म्हणाले, "कळलं नाही तर कळलं नाही असं लिही. लक्ष देऊन वाचणाऱ्याला एखादी गोष्ट कळत नसेल, तर ते लेखकाला समजायलाच हवं."

त्या रात्री मी तपासणीसाठी आलेल्या पॅचांची यादी उघडली. वर्षातून पाच कमिटफेस्ट असतात: जुलै, सप्टेंबर, नोव्हेंबर, जानेवारी आणि मार्च. त्या महिन्यात नवीन लिहिणं जरा बाजूला ठेवून साठलेले पॅच निकालात काढायचे. कोड प्रत्यक्ष आत घालण्याचा अधिकार फक्त तीसेक कमिटरांना, आणि रांगेतले पॅच शेकड्यांनी. प्रत्येकापुढे एक शेरा: रिव्ह्यू हवाय, लेखकाकडे परत गेलाय, कमिटरसाठी तयार आहे. पहिल्या प्रकारचे शेरे मी स्क्रोल करत गेले, संपेचनात. कितीतरी पॅचांपुढे रिव्ह्यूअरची जागा कोरी होती.

क्वेरी प्लॅनरसारख्या आतल्या अवघड भागांचे पॅच मी सरळ सोडून दिले. रेप्लिकेशनचेही. शेवटी पोस्टग्रेससोबत येणाऱ्या एका एक्स्टेंशनमधला, म्हणजे वरून जोडायच्या जादा भागातला, छोटासा पॅच धरला. कुठला ते इथं सांगत नाही, कारण लेखकाला मी विचारलेलं नाही. काम साधं होतं. टेबलात लांबलचक मजकूर असला की तपासणी करताना डोळ्यांनी चाळता यावा म्हणून एक नवीन फंक्शन: मजकूर ६४ बाइटांवर (बाइट म्हणजे साठवणुकीचं छोटं माप) कापायचा, पुढे तीन टिंबं जोडायची आणि परत द्यायचा. जेमतेम दोनशे ओळी, त्यातल्या निम्म्या टेस्ट आणि डॉक्युमेंटेशनच्या. दोन कमिटफेस्ट उलटून गेले तरी त्याला कुणी हात लावलेला नव्हता.

पहिल्याच पायरीला अडले. पॅच लागेना. तो लिहिला गेल्यानंतर मूळ कोड पुढे सरकला होता आणि एका फाइलीत दोघांनी एकच जागा बदलली होती. रांगेतला प्रत्येक पॅच ताज्या कोडवर लावून लिनक्स, विंडोज, मॅक आणि फ्रीबीएसडीवर चालवून बघणारा एक बॉट आहे. त्यानं ही गोष्ट आधीच लाल रंगात मांडून ठेवली होती. आता मी सगळ्यात आधी तिथं बघते, तेव्हा माहीत नव्हतं. "पॅच आता लागत नाही, कृपया ताज्या कोडवर बसवून द्याल का, मी तपासायला घेतलाय" एवढं लिहायला मला अर्धा तास लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर आलं, सोबत पॅचची चौथी आवृत्ती. पत्र तीन ओळींचं होतं, त्यातली एक ओळ "कुणीतरी बघतंय हे वाचून फार बरं वाटलं" अशी. ती ओळ वाचली आणि माझ्या मनातलं भय बरंचसं उतरलं. तिकडे समोर पाच महिने वाट बघत बसलेलं एक माणूस होतं.

चौथी आवृत्ती सुरळीत लागली. असर्ट, म्हणजे कोडातल्या आतल्या तपासण्या, चालू ठेवून बिल्ड केला, म्हणजे कोडापासून चालणारा सर्व्हर बनवला. असर्ट चालू असले की कोडातली गृहीतकं मोडल्याबरोबर सर्व्हर जागच्या जागी कोसळतो आणि लपलेली चूक उघडी पडते, म्हणून तपासणीला बिल्ड असाच करायचा असतो. मग टेस्ट लावल्या आणि जेवायला गेले. परत आले तेव्हा सगळ्या पास.

सगळ्या पास झालेल्या बघितल्या की काम संपल्यासारखं वाटतं. पण त्या टेस्ट लेखकानंच लिहिलेल्या. त्याच्या मनात जे प्रश्न आले, त्यांचीच उत्तरं त्या देणार.

पुढचे तीन दिवस संध्याकाळी मी कोड वाचला. वहीत नऊ मुद्दे निघाले, ते अशा प्रकारचे: चूक दाखवणाऱ्या संदेशाचं पहिलं अक्षर मोठं आहे, ते लहान हवं. संदेशाच्या शेवटी पूर्णविराम आहे, तो नको. (सविस्तर खुलाशाच्या ओळीला मात्र पूर्ण वाक्य आणि पूर्णविराम लागतो.) एका जागी टॅबऐवजी स्पेस आहेत. एका कॉमेंटमध्ये शब्द राहिलाय. हे सगळं खरं होतं, आणि सगळं दाखवायलाही हवं होतं. पण वही पुन्हा वाचताना माझ्या लक्षात आलं, की या नवांपैकी एकासाठीही मी फंक्शन एकदासुद्धा चालवलेलं नव्हतं. शुद्धलेखन तपासत बसले होते. ते मला जमतं, म्हणून.

इथं थोडं मागचं सांगायला हवं. आमच्या पतसंस्थांच्या डेटाबेसात नावं, पत्ते, सगळं मराठीत असतं. सुरुवातीच्या काळात आमच्याकडे कुणीतरी हौसेनं कॉलमांची नावंही मराठीत ठेवली होती. त्यातलं एक होतं 'सभासदाच्या_वारसाचे_संपूर्ण_नाव'. पोस्टग्रेसमध्ये कुठलंही नाव ६३ बाइटांपेक्षा लांब असू शकत नाही. इंग्रजीत ६३ बाइट म्हणजे ६३ अक्षरं. युटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, मात्रा वेगळी मोजायची, अनुस्वार वेगळा, हलन्त वेगळा. त्या हिशेबानं हे नाव ८४ बाइटांचं होतं. पोस्टग्रेसनं एक सूचना दाखवून ते कापलं, सूचना कुणी वाचली नाही, आणि टेबलात कॉलम तयार झाला 'सभासदाच्या_वारसाचे_संप'. वारसांचा संप. रिपोर्ट बनवताना हा कॉलम सापडेना, तेव्हा दोन तास शोधून मी तो काढला होता.

त्या दोन तासांत एक गोष्ट बघून ठेवली होती. कापताना पोस्टग्रेस 'प'वर थांबलं होतं. ६३पर्यंत जागा होती, पण तिथवरचे बाइट झाले ६२. पुढचा दीर्घ उकार तीन बाइटांचा, तो उरलेल्या एका बाइटात मावत नव्हता, म्हणून तो अख्खाच सोडून दिला. चिन्हाचे तुकडे केले नाहीत. म्हणजे कोडात कुठंतरी ही काळजी घेणारं काहीतरी होतं.

आणि माझ्यासमोरच्या पॅचमध्ये मात्र पहिले ६४ बाइट उचलून सरळ कॉपी केले होते.

सर्व्हर चालू करून मी एक बनवलेला मराठी पत्ता दिला. गल्ली, पेठ, तालुका, जिल्हा, सगळं घालून. निकाल व्यवस्थित आला, शेवटी तीन टिंबं. दुसरा पत्ता दिला, तोही ठीक. मला वाटलं आपलीच शंका खोटी, आतल्या आत कुठंतरी काळजी घेतलेली असेल. लॅपटॉप मिटायच्या बेतात होते. पण मग त्या पहिल्या पत्त्यातले बाइट बोटांवर मोजले. कापून आलेल्या ६४ बाइटांत चार स्पेस होत्या. स्पेस एका बाइटाची. ६४मधून चार गेले, उरले ६०, आणि साठाला तीननं नेमका भाग जातो. काप योगायोगानं दोन चिन्हांच्या मधोमध पडला होता.

मग स्पेसच नको म्हणून नुसता 'क' शंभर वेळा दिला. पडद्यावर एकवीस 'क' आणि तीन टिंबं. दिसायला अगदी बरोबर. डोळ्यांवर विसंबले असते तर इथंच संपलं असतं. पण मी बाइट मोजणारं फंक्शन लावलं. उत्तर आलं ६७.

६७मधून टिंबांचे तीन गेले, उरले ६४. नुसते 'क' असतील तर आकडा तीनच्या पाढ्यात यायलाच हवा. त्रेसष्ट येतो, चौसष्ट येत नाही. एकवीस 'क'च्या पुढे आणि टिंबांच्या आधी एक जास्तीचा बाइट बसला होता: बाविसाव्या 'क'चा पहिला तुकडा. तो पडद्यावर दिसत नव्हता, पण होता.

एक अर्धवट बाइट आला तर बिघडतं काय, हे लेखकाला पटवायचं तर दाखवायला हवं. म्हणून मी पुढे गेले. फंक्शनचा निकाल एका टेबलात साठवला. साठवला गेला, तक्रार नाही. त्या डेटाबेसचा बॅकअप घेतला. घेतला गेला, तक्रार नाही. नवीन रिकामा डेटाबेस करून त्यात तो बॅकअप उतरवायला घेतला, आणि तिथं पोस्टग्रेस अडलं: युटीएफ-८ साठी बाइटांचा क्रम अवैध. बाहेरून येणारा मजकूर ते तपासून घेतं, पण आतल्या फंक्शननं बनवलेल्या मजकुरावर विश्वास ठेवतं. त्यामुळे चूक आत शिरताना कुणी अडवलं नाही. बॅकअप परत उतरवायची वेळ आल्यावर ती बाहेर पडली.

रात्रीचे साडेबारा झाले होते. मी खुर्चीतून उठून पाणी प्यायले. ज्यांचे बॅकअप आम्ही सांभाळतो त्या पतसंस्था माझ्या डोळ्यांसमोर होत्या. सर्व्हर बसला, बॅकअप काढला, आणि तो उतरतच नाही, अशी सकाळ एखाद्या तालुक्याच्या गावी उजाडली असती तर? कारण शोधायला माणसं कुठं कुठं गेली असती? या फंक्शनपर्यंत कुणी पोचलं नसतं.

आता पत्र. पहिला मसुदा मी लगेच लिहिला आणि सकाळी फेकून दिला. त्यात "तुम्ही बहुबाइटी अक्षरांचा विचारच केलेला नाही" असं वाक्य होतं. ते खरं होतं, पण त्या वाक्याचं लेखकानं करायचं काय? दुसऱ्या मसुद्यात मी फक्त पायऱ्या ठेवल्या. ही कमांड द्या, ही ओळ चालवा, बाइट मोजा, टेबलात ठेवा, बॅकअप घ्या, उतरवा. प्रत्येक पायरीखाली मला काय दिसलं ते. त्याला फक्त कॉपी करून चिकटवायचं होतं, पाच मिनिटांचं काम. खाली एक ओळ: नावं कापताना पोस्टग्रेस चिन्हाच्या सीमेवर थांबतं, ते करणारं फंक्शन कोडात आधीपासून आहे, तेच इथं वापरता येईल असं वाटतं. ते फंक्शन मी त्या रात्री शोधून ठेवलं होतं. पूर्णविराम आणि टॅबचे नऊ मुद्दे सगळ्यात शेवटी, "किरकोळ" या शब्दाखाली.

फंक्शन मला आवडलं, हेही लिहिलं. मनापासून लिहिलं, कारण लांब मजकूर चाळायला आम्हाला ते खरंच हवं होतं. तपासताना चांगलं दिसलं तेही सांगावं, हे माझं मत त्या दिवसापासूनचं आहे. नुसत्या चुकांची यादी वाचणाऱ्याला कळत नाही, की समोरच्याला ही गोष्ट हवीय की नकोय.

पाचवी आवृत्ती दोन दिवसांत आली. लेखकानं माझ्या पायऱ्या स्वतः चालवून बघितल्या होत्या आणि तीच चूक त्याच्या स्वतःच्या भाषेतल्या अक्षरांनीही करून दाखवली होती. आता मी एक सुचवलं: ही शंभर 'क'ची ओळ कायमची टेस्टमध्ये घालू या. त्यानं घातली. मला केवढा आनंद झाला, पोस्टग्रेसच्या कोडात देवनागरी 'क' माझ्यामुळे जाणार होता.

त्यावर एका जुन्या जाणत्या डेव्हलपरचं पत्र आलं. पोस्टग्रेसच्या टेस्ट कुठल्याही एन्कोडिंगच्या, म्हणजे अक्षरं साठवायच्या कुठल्याही पद्धतीच्या, डेटाबेसावर चालल्या पाहिजेत, आणि युटीएफ-८ नसलेल्या डेटाबेसावर ही ओळ नापास होईल. त्यांनी मार्गही दाखवला: ही टेस्ट वेगळ्या फाइलीत ठेवायची, सुरुवातीलाच डेटाबेसाचं एन्कोडिंग विचारायचं, युटीएफ-८ नसेल तर तिथंच थांबायचं, आणि अपेक्षित निकालाची दुसरी फाइल सोबत द्यायची. असं करणाऱ्या टेस्ट कोडात आधीपासून आहेत, त्यांची नावंही दिली होती. म्हणजे मी दुसऱ्याला जे सांगत होते, की तुमच्या डेटाव्यतिरिक्त डेटा जगात आहे, तेच मला कुणीतरी सांगितलं. अवघ्या चार ओळींत, सौम्यपणे. मी त्या चार ओळी पुन्हा पुन्हा वाचल्या. पत्र कसं लिहावं हे मी तिथून शिकले.

आणखी एक गोष्ट माझ्या मनात होती, ती मी मांडली आणि मग सोडूनही दिली. चिन्हाच्या सीमेवर कापलं तरी मराठी शब्द नीट कापला जाईलच असं नाही. 'स्त्री' हे आपल्याला एक अक्षर वाटतं, पण युनिकोडमध्ये ती सहा चिन्हं आहेत: स, हलन्त, त, हलन्त, र, दीर्घ वेलांटी. म्हणजे अठरा बाइट. काप मध्येच पडला तर 'स्त्' असं लोंबकळत राहणार. बाइट वैध, पण वाचायला विचित्र. मी हे लिहिलं, आणि त्याच वाक्यापुढे लिहिलं की यासाठी हा पॅच अडवू नये. वारसाच्या कॉलमचं जे झालं ते हेच होतं, पोस्टग्रेस स्वतःची नावंही तशीच कापतं. अख्ख्या डेटाबेसाचा प्रश्न दोनशे ओळींच्या पॅचवर लादणं मला बरोबर वाटलं नाही. माझी भाषा आहे म्हणून जीव तुटतो, पण तो वेगळा पॅच आहे, आणि तो करायला हवा तर तो मी करायला हवा.

सहाव्या आवृत्तीनंतर मी शेरा बदलला: कमिटरसाठी तयार. ते बटण दाबताना हात अडखळला. या शेऱ्याचा अर्थ, माझ्याकडून बघायचं सगळं बघून झालं.

झालं नव्हतं. कमिटरनं पॅच हातात घेतल्यावर पहिल्याच दिवशी एक गोष्ट काढली. एक्स्टेंशनमध्ये नवीन फंक्शन घालायचं तर जुन्या आवृत्तीवरून नव्यावर नेणारी वेगळी स्क्रिप्ट लागते, आणि त्या स्क्रिप्टमध्ये फंक्शनच्या एका आर्ग्युमेंटची, म्हणजे त्याला द्यायच्या माहितीची, डीफॉल्ट किंमत राहून गेली होती. मी प्रत्येक वेळी एक्स्टेंशन कोऱ्या डेटाबेसावर बसवून बघितलं होतं. जुनं बसवून मग वर चढवून एकदाही बघितलं नव्हतं. रोजच्या नोकरीत मी नेमकं हेच करते, ग्राहकांचे जुने डेटाबेस नव्यावर नेते, तरी इथं सुचलं नाही. खूप हळहळले. आता एक्स्टेंशनचा पॅच आला की मी आधी जुनी आवृत्ती बसवते, मग चढवते, मगच पुढचं.

कमिटरनं ती दुरुस्ती स्वतःच केली, कॉमेंट बऱ्याच बदलल्या, डॉक्युमेंटेशनमधलं एक वाक्य दोन वाक्यांत तोडलं आणि पॅच आत घातला. कमिटच्या संदेशात लेखकाचं नाव, खाली तपासणाऱ्यांमध्ये माझं. गावाकडे आईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे तू कुणाचं तरी काम तपासून दिलंस. त्याला राग नाही ना आला?" नाही आला म्हटलं. तेवढं तिला पुरलं.

कमिट झाल्यावर जगभरातल्या लोकांनी स्वखुशीनं लावून ठेवलेली यंत्रं ताजा कोड उचलून बांधतात आणि टेस्ट चालवतात. त्या यंत्रांना प्राण्यापक्ष्यांची नावं आहेत. कुठलं जुनं, कुठलं अनवट प्रोसेसरचं. त्या संध्याकाळी मी तो तक्ता उघडून बसले होते. एकेक प्राणी हिरवा होत गेला.

मग ताजा कोड खेचला, बिल्ड केला, सर्व्हर चालू केला आणि शंभर 'क'ची तीच ओळ पुन्हा दिली. पडद्यावर एकवीस 'क' आणि तीन टिंबं, आधी दिसत होतं अगदी तसंच. बाइट मोजले.

६६.